पाच फूट चार इंच

बोट पन्नास फुटांची होती, आणि तिच्यात राहणाऱ्या नोकराला झोपायला पाच फूट सहा इंच मिळाले होते. हे माप मी स्वतः काढलं होतं, म्हणून ते चुकलं असेल अशी शंका मला बरेच दिवस होती. मी तीनदा तपासलं. माप बरोबर होतं.

बोटी निवडण्याचं काम माझ्याकडे यावं असं माझ्यात काही नाही. मी रायपूरला रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात चौतीस वर्षं नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचतो, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसत बसतो. समुद्र आयुष्यात एकदा पाहिला, पुरीला. माझी बायको इंदू ते कुणालाही सांगते. "गुडघाभर पाण्यात उभे राहिले होते, तेही चपला हातात घेऊन. अन् आता बोटी निवडून राहिले!"

बोट घ्यायची होती माझ्या भाच्याला, परागला. रायपूरजवळ उरल्याला त्याची लोखंडी सळया बनवण्याची मिल आहे. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, नवी राजधानी बांधायला घेतली, तेव्हा तिथे त्याच्या सळया गेल्या आणि त्याने आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीही चांगल्या भावाने विकल्या गेल्या. मग त्याच्या बरोबरीच्या कुणीतरी गोव्याला बोट ठेवली, म्हणून यालाही हवीशी झाली. मोटर यॉट म्हणतात तिला. तीन झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, वर उघडी गच्ची. एके दिवशी तो माहितीपत्रकांचं खोकं घेऊन आमच्याकडे आला.

"मामा, तुमी इंग्रजी पुस्तकं वाचता. मले दोन पानं वाचली का झोप येते. तीन बोटी आहेत. कोणती चांगली ते सांगा, बस."

मी उठून त्याच्या पाया पडलो. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. छत्तीसगढात भाचा हा देवाच्या जागी असतो. मामा वयाने कितीही मोठा असला तरी भाच्यापुढे वाकतो. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, आमच्यात हे नव्हतं. पण रेल्वे पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, शेजारपाजारच्या बायका करायच्या ते पाहून माझ्या आईने ते उचललं, आणि पराग बारा दिवसांचा असताना तिने मला त्याच्या एवढ्याशा पायांवर डोकं टेकवायला लावलं. तेव्हापासून तो घरी आला की मी वाकतो. तोही आल्यावर दारात क्षणभर थांबतो, मला सोयीचं व्हावं म्हणून.

बोटींना मी अ, ब आणि क अशी नावं दिली. अ इटलीत बनलेली, सगळ्या बाजूंनी काचा, मागचा पडवीसारखा भाग बटण दाबलं की पाण्यात उतरायचा. ब इंग्लंडची, जड, मजबूत, जुन्या साहेबी बंगल्यासारखी. क पोलंडची, दिसायला जाडी आणि थोडी बावळट. तेल किती खाते, एका टाकीत किती जाते, तळ पाण्यात किती खोल बुडतो, इंजिनचा आवाज बैठकीत किती येतो, स्वयंपाकघर वर आहे की खाली, पायऱ्यांना कठडा आहे की नाही, सगळं मी वहीत उतरवत गेलो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद होत होता. कुणीतरी माझं मत मागितलं होतं.

पण एक गोष्ट मला त्या पत्रकांत सापडेना. प्रत्येक पत्रकात चाळीस-चाळीस फोटो. सोफ्याचे, उशांचे, फळांनी भरलेल्या परडीचे. बोटीवर राहून ती सांभाळणाऱ्या माणसाच्या खोलीचा एकही फोटो नाही. नकाशात तो भाग नुसता करडा रंगवलेला आणि त्यात बारीक अक्षरात 'क्रू'. मी तिन्ही कंपन्यांच्या मुंबईतल्या विक्रेत्यांना पत्रं लिहून त्या करड्या भागाची मापं मागवली. एकाने बरेच दिवस उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने फोन करून विचारलं, "सर, आप ओनर की तरफ से ही हैं ना? ओनर लोग ये पूछते नहीं." मी त्यालाच सॉरी म्हणालो. का म्हणालो, याचा आजही राग येतो.

मी हट्टाने मागे लागलो त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला आमच्या ऑफिसने मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, म्हणजे गार्डाच्या डब्यात, काही फेरफार केले होते. बसायच्या फळीचा नकाशा माझा होता. पुढे गंगाधर नावाचा एक गार्ड ऑफिसात आला आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "साहेब, या फळीवर तुमी एकदा बिलासपूरपर्यंत बसून दाखवा." मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिलो. तो निघून गेला. फळी तशीच राहिली.

यथावकाश मापं आली. बमधली खोली बोटीच्या नाकात, त्रिकोणी, वरच्या झाकणातून शिडीने उतरायचं. कमध्ये सहा फूट चार इंचांचा बिछाना, उघडणारी खिडकी, स्वतंत्र संडास. त्यासाठी मालकाचं बाथरूम एका फुटाने लहान केलेलं. आणि अमधली खोली इंजिनच्या भिंतीला लागून. रुंदी सव्वादोन फूट. दारापाशी उंची पाच फूट चार इंच, बिछान्यावर फक्त तीन. बिछाना पाच फूट सहा इंच. काच होती, पण उघडत नव्हती.

या खोलीत कोण राहणार ते मला ठाऊक होतं. हरिदास, परागचा ड्रायव्हर. रायपुरातच गुढियारीत घर, वडील लोको शेडमधून निवृत्त, मूळचे भंडाऱ्याकडचे. बारा वर्षं परागची गाडी चालवत होता. परागचं म्हणणं होतं की बोट चालवायला तिथला कप्तान रोज येईल-जाईल, पण बोटीवर आपला विश्वासाचा माणूस पाहिजे. हरिदासने ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. हरिदासला त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. हरिदासच्या घरी बायको सरला, आणि मुलगी पायल बारावीला होती. तो "जी साहेब" म्हणाला होता.

हरिदासची उंची पाच फूट अकरा.

वहीतले आकडे पराग वाचणार नाही हे मला कळत होतं. आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. नवीन काही बनवायचं असलं की आधी ते जमिनीवर खडूने खऱ्या मापात काढायचं आणि माणसांना त्यात फिरवायचं. कागदावर लपलेलं जमिनीवर लपत नाही. मी परागला विचारलं, मिलमध्ये मोकळी जागा मिळेल का? नवीन मशीनसाठी बांधलेलं एक रिकामं शेड होतं. "घ्या ना मामा, टाइमपास होईल तुमचा," तो म्हणाला आणि मदतीला हरिदासला दिला.

दोन दिवस आम्ही त्या शेडमध्ये काम केलं. दोरीला खडू चोळायचा, एक टोक त्याने धरायचं, एक मी, मध्ये उचलून सोडली की फरशीवर सरळ पांढरी रेघ. बाहेर ट्रक, भट्टीचा धूर, बाजूच्या शेडमधून लोखंड आपटल्याचा आवाज. आत सिमेंटवर तीन बोटी उमटत होत्या. हरिदासचा हात सफाईचा होता. उंची दाखवायला आम्ही सळया उभ्या करून त्यांना सुतळ्या बांधत होतो.

दुसऱ्या दिवशी अच्या मागच्या भागात रेघा मारून झाल्यावर तो थांबला.

"ही काय मामाजी, सामानाची खोली?"

मी चष्मा काढला. पुसला. "नाही. ही तुझी."

तो काही वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं आहे. झाडायले सोपी."

मग स्वतःच आत जाऊन आडवा झाला. डोकं एका रेघेला टेकलं आणि घोटे दुसऱ्या रेघेबाहेर गेले.

"मामाजी, माझे पाय इंजिनात जाऊन राहिले!"

तो हसला, म्हणून मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. इंदूने कारण विचारलं, ते सांगितलं. ती म्हणाली, "मग मले काहून सांगता? ज्याले सांगायचं त्याले सांगा. नाहीतर चष्मा पुसत बसाल."

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला पराग आणि त्याची बायको पूर्णिमा आले. मी रिवाजाप्रमाणे वाकलो. शेडच्या दारात मिलचे पाच-सहा कामगार तमाशा पाहायला उभे होते. पूर्णिमाला चित्र फार आवडलं. ती खडूच्या दारातून आत शिरायची, खडूच्या सोफ्यावर बसल्यासारखं करायची. "मामाजी, कमाल कर दिया आपने! हमारा वॉशरूम कौन सा है? अरे वा, दो जने नाच सकते हैं इसमें."

पराग अच्या मागच्या पडवीवर उभा राहून हात पसरून म्हणाला, "इथं खुर्च्या टाकू. इथून सरळ पाण्यात." तो खूश होता, आणि मला वाईट वाटत होतं, कारण तो लहानपणीसारखा दिसत होता.

"अजून एक खोली राहिली," मी म्हणालो. आवाज निघाला नाही. पुन्हा म्हणालो.

"ती क्रूची आहे मामा, सोडा."

"हरिदासची आहे. तो तिच्यात मावत नाही."

परागने मागे पाहिलं. हरिदास गाडीची किल्ली हातात घेऊन भिंतीपाशी उभा होता. "पाय दुमडून झोपंल. माणूस बसमधी नाही का झोपत रातभर? काहून, हरिदास?"

हरिदासने किल्ली दुसऱ्या हातात घेतली.

"आठ महिने," मी म्हणालो. "बाजूला इंजिन. हवा नाही. बिछान्यावर उठून बसता येत नाही."

"मामा, तो काय उठून बसून भजन करणार आहे?"

कामगारांपैकी कुणीतरी हसलं. पेन्सिलीला टोक करत बसलेला तो तरुण मला आठवला, आणि मला त्याची इतकी चीड आली की मी काय बोलतो आहे ते मला बोलून झाल्यावर कळलं.

"पराग, तू झोप."

"काय?"

"तिथे. तू पाच फूट नऊ आहेस. तुला दोन इंच सोपं जाईल. झोप, मी अहवाल वाचतो. चौदा पानं आहेत. वाचून होईपर्यंत उठायचं नाही."

पूर्णिमा हसत सुटली आणि तिने मोबाइल काढला. "सो जाओ ना, मामाजी बोल रहे हैं. फोटो लेती हूँ." तिच्यामुळे परागला ती गंमत वाटली. तो इस्त्रीच्या शर्टासकट सुतळीखाली वाकला आणि सिमेंटवर आडवा झाला. दारातला एक म्हातारा कामगार दुसऱ्याला छत्तीसगढीत म्हणाला, "भांचा ला भुइँया म सुता दिस गा!" भाच्याला जमिनीवर झोपवलं. ज्याच्यापुढे मी आयुष्यभर वाकलो तो माझ्या पायांशी पडला होता. मी वाचायला लागलो.

पहिल्या पानावर तो कॅमेऱ्याकडे पाहून हसत होता. दुसऱ्या पानावर त्याने गुडघे बाजूला टाकले.

"गुडघा आत घे. तिथे भिंत आहे."

"मामा..."

"कोपरही बाहेर गेलं. तिथे इंजिन आहे."

त्याने कोपर आत घेतलं. पूर्णिमाने मोबाइल खाली केला. तिसरं पान तेलाच्या खपाचं होतं. मी एकही आकडा गाळला नाही. चौथ्या पानाच्या मध्यावर त्याचा फोन वाजला, तो झटक्याने उठून बसायला गेला आणि सुतळी त्याच्या कपाळाला लागली. तो सुतळी ओढून तोडतच उभा राहिला.

"बस झाला मजाक!"

"तुला चार पानं निघाली नाहीत."

"काय पाहिजे तुमाले? सांगा ना सरळ!"

"क घे. तिच्यात माणसाला राहता येतं. बाकी सगळ्यात ती अच्या तोडीची आहे, तेल तर कमीच खाते. मी लिहिलं आहे."

"अन् आमचं बाथरूम?"

"एका फुटाने लहान."

"म्हणजे ड्रायव्हरचे पाय लांब आहेत म्हणून मी माझं बाथरूम लहान घेऊ?"

"हो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटतं, त्याने माझ्या तोंडून 'हो' याआधी हजारदा ऐकलं असेल, पण असं नाही. मग तो शर्टाचा खडू झटकत म्हणाला, "मामा, अचा टोकन मी दिवाळीतच देऊन टाकला. पूर्णिमा म्हणाली, मामाजी घरी बसून बोर होऊन राहिले, त्यांना काहीतरी काम द्या. म्हणून दिलं. तुमी तर सिरियसच झाले."

पूर्णिमा खाली पाहत होती. दोन महिने, चौदा पानं. त्या क्षणी मला माझ्यासाठी फारसं काही वाटलं नाही, ते नंतर वाटलं, पुष्कळ. त्या क्षणी मी फक्त हरिदासकडे पाहिलं, कारण पराग आता त्याच्याकडे वळला होता.

"काहून रे हरिदास, तुले काही प्रॉब्लेम आहे? मामा तुझी वकिली करून राहिले. तू बोल ना. तुले त्रास आहे का?"

बायकोसमोर, कामगारांसमोर, बारा वर्षांच्या मालकाने असं विचारल्यावर माणूस काय बोलणार! मी हे काय करून बसलो, असं मला झालं. हरिदासने एकदा त्या चौकटीकडे पाहिलं.

"साहेब, मी नाही येत गोव्याले."

"विचार करून बोल."

"दोन दिवस विचारच करून राहिलो होतो. दोरी धरता धरता."

"गोव्याले नाही तर इथंही नाही. समजलं?"

"समजलं."

तो पुढे आला, खडूच्या बैठकीतून आत शिरला आणि खडूच्या जेवणाच्या टेबलावर, म्हणजे सिमेंटवर, वाकून गाडीची किल्ली ठेवली. मग आला तसाच खडूच्या दारातून बाहेर गेला. एकाही रेघेवर त्याचा पाय पडला नाही.

मी फाइल तिथेच एका सळईपाशी ठेवली आणि त्याच्यामागे निघालो. उरल्याच्या रस्त्यावर धूळ आणि ट्रक. आम्ही दोघं ऑटोसाठी बराच वेळ उभे होतो.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "मी गप्प बसलो असतो तर..."

"तुमच्यामुळे काहून?" तो एकदम चिडला. "नाही मी म्हटलं. तुमी फक्त माप दाखवलं. माझं 'नाही' तरी माझ्याजवळ राहू द्या मामाजी."

ते बरोबर होतं. ऑटोत बसल्यावर तो म्हणाला, "घरी सरलाले काय सांगू, तेवढं सांगा." गुढियारीच्या वळणावर उतरताना तो "जय भीम" म्हणाला आणि माझं भाडं देऊन गेला. नोकरी त्याची गेली होती आणि भाडं त्याने दिलं.

दीड महिन्याने, एका रविवारी, पराग मिठाईचा डबा घेऊन आला. मधल्या काळात हरिदासला नवीन राजधानीत मंत्रालयाच्या कर्मचाऱ्यांची बस चालवायचं काम लागलं होतं, आधीपेक्षा कमी पगारावर. पराग राग धरून नव्हता. तो राग धरत नाही, तशी त्याला गरजच पडत नाही. त्याने इंदूला बोटीचे फोटो दाखवले, आणि मग खुशीत मला म्हणाला:

"मामा, तुमची फाइल कामाले आली बरं का."

मला, लाज वाटते सांगायला, क्षणभर बरं वाटलं.

"ते खोलीच्या मापाचं पान होतं ना? ते मी गोव्याच्या एजंटले पाठवून दिलं. म्हटलं, याच्यात बसणारा माणूस पाहा. त्यानं उंची लिहूनच जाहिरात दिली. पाच फूट चारच्या वर नको म्हणून. आठ दिवसांत मिळाला. पाच फूट तीन आहे. बरोबर बसते!"

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. जाहिरात होती. काम, पगार, आणि खाली: उंची पाच फूट चार इंचांपर्यंत. माझं माप. मी तीनदा तपासलेलं, एका इंचानेही न चुकलेलं. खोली माणसाच्या मापाची करा म्हणून मी जे पान लिहिलं, ते घेऊन त्यांनी खोलीच्या मापाचा माणूस आणला होता. तो कोण, कुठला, त्याला किती मुलं, मला माहीत नाही. रात्री उठून बसायला गेला की त्याचं डोकं कुठे आपटतं, ते मात्र मला माहीत आहे.

"चला, निघतो," पराग म्हणाला आणि सवयीप्रमाणे माझ्यासमोर येऊन थांबला. पाय जवळ घेतले, मला सोयीचं व्हावं म्हणून.

मी खुर्चीतच बसून राहिलो.

तो थांबला होता. इंदूने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि घाईने म्हणाली, "कंबर धरली असंल त्यांची. सकाळपासून..."

"माझी कंबर ठीक आहे," मी म्हणालो.